फाटकातला ट्रक

हायड्रोजनचा पंप उखडायला साहेब क्रेन घेऊन आले, तर फाटकातच ट्रक आडवा. ड्रायव्हर बाई आत ढिम्म बसलेल्या.

“बाई, गाडी काढा. महिन्याला जेमतेम पाच-सहा ट्रक येतात. तेवढ्यासाठी पंप कोण चालवणार?”

“आणि पंपच उखडलात, तर हायड्रोजनचा नवा ट्रक कोण घेणार?”

“ते वरच्यांना विचारा. आधी गाडी हलवा.”

“कशी हलवू? गॅस संपलाय. पुढचा पंप तीनशे किलोमीटरवर. आता तुम्हीच ढकला!”

साहेबांचा काही विश्वास बसेना. त्यांनी पंपावरच्या ऑपरेटरला वर चढून काटा बघायला सांगितलं. शहरातल्या डिझेल पंपावर नोकरीला लावून घेण्याचा शब्द साहेबांनी त्याला कालच दिला होता. तो केबिनमध्ये चढला.

काटा अर्ध्याच्याही वर होता.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं, पण नजर काही त्यांनी खाली वळवली नाही. ऑपरेटरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या पंपाकडे.

“साहेब,” तो वरूनच ओरडला, “बाई खरं बोलतायत, काटा पार तळाला टेकलाय. बंद केलेला पंप पुन्हा चालू करायचा लेखी हुकूम द्या!”