दुसऱ्या भोंग्याच्या आत

पहिला भोंगा झाला तेव्हा जगदेव चुलीत फुंकर घालत होता आणि शेवंता एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी, अशी रडत उभी होती.

"आधी भाकर टाका," बाजेवरून गोमती म्हणाली. "ती भाजेस्तोवर येणी होते. मी तसंच करत होती."

शेलूबाजारच्या कापसाच्या जिनात नवरा-बायको दोघंही कामाला. सहाला पहिला भोंगा, सातला दुसरा. दुसरा झाला की फाटक बंद. त्या एका तासात गोमती दोन्ही पोरांना न्हाऊ-खाऊ घालून शाळेत सोडायची आणि जगदेवबरोबर फाटकात शिरायची. पोटाच्या दुखण्यानं ती बाजेला लागली आणि तो तास जगदेववर आला. वाशिमचे डॉक्टर म्हणाले होते, दिवाळी दिसली तर नशीब.

तेव्हापासून ती पडल्या पडल्या शिकवायची. दप्तरं रात्रीच खुंटीला. किसनाला आधी उठवायचं, तो धाकटा, रेंगाळतो. जगदेव मान डोलवायचा. मग भाकर करपायची, किसनाच्या सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात जायची, शेवंताची वेणी शाळेच्या वाटेवरच सुटायची.

"जिनाचं इंजिन खोलून जोडता, अन् येक येणी जमत नाही?" गोमती चिडायची. "लेकराचं डोकं हाये का बैलाची शेपटी?"

"बैल बरा. तो बोंबलत तं नाही."

शेवंता रडता रडता हसायची.

गोमतीची आई तुळसाबाई इंझोरीहून यायची आणि हा तमाशा बघत बसायची. एकदा तिनं तोंडावरच सांगितलं, "जावईबुवा, हे तुमच्यानं होत नाही. गोमती हाये तोवर ठीक. मंग लेकरं मी इंझोरीले नेईन."

पोरं गेली तर त्या घरात जगदेवला कोण होतं?

सासू गेल्यावर गोमतीनं त्याचा हात धरला. "आयकलं ना? येक डाव तरी नीट करून दाखवा. माहा जीव यातच अडकला हाये. तुमाले जमलं का मी सुटली."

"करतो ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दूध उतू घालवलं. मुकादमानं त्या आठवड्यात त्याला दोनदा फाटकावरून परत धाडलं. तिसऱ्यांदा नाव कापीन, म्हणाला.

दिवाळी गेली. संक्रांतही गेली. शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी, "काजं पाहा, काजं," म्हणता म्हणता गोमतीचा आवाज थांबला.

तेरवी झाली. तुळसाबाईनं पोरांचे कपडे गाठोड्यात बांधले. सकाळच्या जीपनं निघायचं होतं. पहाटे पहिल्या भोंग्यानं तिला जाग आली, तशी ती अंथरुणातूनच पाहत राहिली.

चूल पेटलेली होती. जगदेवनं भाकर तव्यावर टाकली. ती फुगेस्तोवर शेवंताच्या दोन्ही वेण्या घालून फिती बांधल्या. किसना गुंड्या लावून, दप्तर गळ्यात अडकवून दारात उभा राहिला. भाकरी फडक्यात गेल्या. दुसऱ्या भोंग्याला अजून अर्धा तास होता.

तुळसाबाई उठली. शेवंताची वेणी हातात घेऊन तिनं ओढून पाहिली. घट्ट होती.

"जावईबुवा, हे कवा शिकले तुमी?"

जगदेवनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"ती बाजेले लागली, त्याच्या पयल्याच दिवशी," तो म्हणाला.