तितराचा आवाज

"आपल्या घराचा इतिहास सांगणारी एकेक वस्तू आणा," असं बाईंनी सांगितलं होतं. टेबलावर धनगरी घोंगडं, कासारांची बांगड्यांची माळ, मुल्लांची अत्तरदाणी मांडली गेली. पारध्यांची वैजंता मात्र रिकाम्या हातानं उभी राहिली.

"आमचं बिऱ्हाड पाठीवर, बाई. वस्तू टिकत नाहीत. पण आज्यानं आवाज शिकवलाय."

खिडकीशी जाऊन ती तितरासारखी ओरडली. वर्ग खिदळला. ती पुन्हा ओरडली, आणि शाळेमागच्या तुरीतून खऱ्या तितरानं उत्तर दिलं.

सगळे खिडकीकडे धावले. वैजंतानं ओठांवर बोट ठेवताच बाईंसकट अख्खा वर्ग श्वास रोखून उभा राहिला. तितर चक्क बांधावर आला.

"मलाही शिकव ना," तिच्याच बाकावरची मोहिनी कुजबुजली.

"शिकवते," बांधावरची नजर न हलवता वैजंता म्हणाली. "पण उद्यापासून बाकावर आपल्या दोघींच्या मध्ये दप्तर ठेवायचं नाही."