कुंकवाचं बोट

रेवतीच्या पत्राला बेडेकर सरांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. ‘सर,’ तिने लिहिलं होतं, ‘पदक घेऊन घरी आले. आईने कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि माझा ठोसा गेला. तिचं मनगट मोडलं. आता ती ओवाळणीचं ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरते. मानेत बसवलेली ती यंत्राची पट्टी काढता येते का?’

काढता येत नव्हती. जवळ येणाऱ्या हातावर मेंदूला न विचारताच ठोसा सुटावा, म्हणून सरांनी कराटेच्या वर्गातल्या सगळ्यांना ती बसवून घ्यायला लावली होती. पहिली स्वतःच्या मानेत बसवली होती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पत्नी, सुमतीबाई, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला आल्या आणि दोन हात लांब थांबल्या.

“धरा माझं मनगट आणि तुम्हीच आणा जवळ. परवा तुमच्या ठोशाने उडालेली बाटली अजून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आहे. म्हणे चॅम्पियन!”

सरांनी मनगट धरून तो हात हळूहळू डोळ्याशी आणला. ठोसा सुटला नाही. थेंब पडला.

“अहो, झालं. सोडा की आता.”

सरांनी बराच वेळ सोडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं, ‘रेवती, पट्टी निघत नाही. जन्मभर निघणार नाही. पण आपण धरून आणलेला हात पट्टीला परका वाटत नाही. आईचं मनगट तू धर आणि तिचं बोट कपाळापर्यंत आण. सोडण्याआधी मात्र तिला मागे सरायला सांग.’

टपालपेटीपाशी कुणी जवळ येत नाही ना, हे पाहून त्यांनी पाकीट आत टाकलं.