सातवा रकाना

"हिंदू लिहा की हो! एवढ्या एका शब्दापायी सकाळपासून माझं डोकं खाताय," असं म्हणत बंडोपंत बाबूंनी तिसऱ्यांदा अर्ज टेबलावरून परत सरकवला.

टेबलापलीकडे रुख्माबाई उभी होती, कटंगीकडच्या खेड्यातून पहिल्या बसनं आलेली. शेजारी तिची आनंदी, पायाशी पत्र्याची पेटी. पोरगी नववीत जायची होती. गावची शाळा आठवीलाच संपत होती. पुढचं शिक्षण बालाघाटात, आणि बालाघाटात राहायचं तर मागासवर्गीय मुलींच्या सरकारी होस्टेलात. अर्जाची मुदत आज पाच वाजता संपत होती. अर्जातल्या सातव्या रकान्यात धर्म विचारला होता, आणि तिथं आनंदीनं ठसठशीत अक्षरात 'बौद्ध' लिहून ठेवलं होतं. धर्म बदलला की सवलत बंद, असा नियम. पोट बदलत नाही, हे नियमाला कोणी सांगावं?

"आमी हिंदू नाही जी," रुख्माबाई म्हणाली. "नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, त्याले सात वर्सं झाली. आता कायले खोटं लिहाव?"

"मग सीट नाही."

"काहून नाही? दीक्षा घेतली त आमी का शिरीमंत झालो?"

बाकावर बसलेले डॉ. साळवे ताडकन उठले. हा तर त्यांचाच प्रश्न! प्रभाकर साळवे अर्थशास्त्री, ख्रिस्ती माणूस, राहायला इथंच बालाघाटात. रविवारी चर्चमध्ये, आणि उरलेले सहा दिवस वही घेऊन खेडोपाडी. कोणाच्या घरी चूल किती वेळा पेटते, हे ते लिहून घेत. धर्म बदलल्यानं गरिबी बदलत नाही, हे एकच वाक्य ते वीस वर्षं भोपाळला आणि दिल्लीला सांगत आले होते. चर्चमधले म्हणत, हा सरकारचा माणूस. सरकारातले म्हणत, हा मिशनरी. रुख्माबाईचं घर त्यांच्या वहीत होतं, म्हणून आज तिनं त्यांनाच धरून आणलं होतं.

"बंडोपंत, दोन वर्षांमागे अर्जात हा रकाना नव्हता!" साळवे कडाडले. "नुसती जात लिहायची, काम व्हायचं. कोणत्या गाढवानं हा रकाना घातला?"

बंडोपंत तापले नाहीत. सरकारी नोकरीत केस पिकवलेला माणूस. सावकाश उठून त्यांनी कपाटातून फाईल काढली, जिभेला बोट लावून पानं उलटली आणि वाचलं, "'धर्मांतरित कुटुंबांच्या हलाखीची नोंद व्हावी, याकरिता अर्जात धर्माचा रकाना असावा. शिफारस, डॉ. प्र. साळवे.' सही ओळखता ना साहेब?"

साळव्यांनी ओळखली. या रकान्यासाठी ते तीन वर्षं भांडले होते. मोजल्याशिवाय गरिबी दिसणार कशी, असं म्हणून भांडले होते. तो मंजूर झाल्याचं मात्र त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

"मी तो मोजायला मागितला होता. पोरींना हाकलायला नाही!"

"ते मला काय ठाऊक? रकाना भरला की मी वाचतो. वाचला की नियम लागतो. मी तर कारकून."

साळव्यांचे कान लाल झाले. त्यांनी अर्ज ओढून घेतला, खिशातलं पेन उघडलं आणि सातव्या रकान्यावर कराकरा रेघा मारल्या. "घ्या! नाहीच हा रकाना. आता वाचा काय वाचायचं ते!"

"खाडाखोड," बंडोपंत म्हणाले. "खाडाखोड असलेला अर्ज बाद."

"अवो साहेब!" रुख्माबाई किंचाळलीच. "पोरीनं एक घंटा बसून भरला होता न थो!"

काय म्हणावं या माणसाला! विद्वान खरा, पण हात लावील तिथं घोटाळा. साळवे मटकन बाकावर बसले. मग जन्मात कधी बोलले नव्हते ते बोलले. "त्यांना दुसरा फॉर्म द्या, बंडोपंत. आणि बाई, लिहून टाका हिंदू. शब्दच तर आहे. पोरीचं शिक्षण जायला नको."

"तुमच्या पोरीसाठी तुमी लिवलं असतं का जी?"

साळवे पेनचं टोपण फिरवत राहिले.

बंडोपंतांनी दुसरा फॉर्म दिला. आनंदीनं आईकडे पाहिलं. "पाहून काय राह्यली? जे हाये थेच लिही," रुख्माबाई म्हणाली. पोरीनं मान खाली घातली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं. सातव्या रकान्यापाशी ती जराही थांबली नाही. बंडोपंतांनी अर्ज वाचला, सुस्कारा सोडला आणि वर 'अपात्र'चा शिक्का मारला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

कचेरीच्या ओसरीत आल्याबरोबर साळवे बोलायला लागले. "मी उद्याच भोपाळला लिहितो, बाई. सविस्तर. आकडेवारीसकट. चूक माझी आहे, मीच निस्तरतो."

"लिवा जी. उत्तर कवा येते?"

"सहा महिने. कदाचित वर्ष लागेल."

"अन् शाळा?"

"सोमवारी सुरू होते," साळवे पडेल आवाजात म्हणाले.

रुख्माबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "घरी बाई हाये ना तुमच्या?"

"हो, बायको आहे, सुनीती. पण..."

"मंग झालं. आनंदी, उचल वं आपली पेटी. भोपाळचं उत्तर येईतवर तू साहेबाच्या घरी राह्यजो."