चौऱ्याऐंशी सलाम

"कोपर! कोपर वर!" लेफ्टनंट ब्रुगमान ओरडला. "सलाम करताय की माशी हाकलताय?"

समोरच्या उंच इंग्रजाने हात तसाच कपाळापाशी लोंबकळत ठेवला. त्याचं नाव हॅलिवेल. तोही लेफ्टनंटच. "त्याचं काय आहे साहेब, तुमचा आमचा हुद्दा एकच. बरोबरीच्यांत आधी सलाम कुणी ठोकायचा?"

"कैद्यानं!"

"अस्सं होय. आम्हाला हे शिकवलंच नाही बघा. कैद होऊ असं कुणाला वाटलंच नव्हतं."

रांगेत खसखस पिकली. ब्रुगमानच्या कानशिलाची शीर तडतडू लागली. "चला मागं! रांगेच्या टोकाला! जमेपर्यंत परत परत यायचं!"

फेब्रुवारी महिना होता. पहिल्या महायुद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं. जर्मनीतल्या एका बिअरच्या जुन्या भट्टीत कैद्यांची छावणी केली होती, आणि हॉलंडची सरहद्द आगगाडीने तीन तासांवर होती. छावणीत चौऱ्याऐंशी इंग्रज अधिकारी होते. त्यांतल्या एकालाही धड सलाम करता येत नव्हता. खरं म्हणजे करायचा नव्हता. कुणी पाईप तोंडात ठेवून करी, कुणी कान खाजवल्यासारखा करी, आणि एकजण तर सलाम करता करता शिंकत असे, रोज. पण सलाम कसाही असो, केला की परत करणं भाग. तसा रिवाजच आहे. महिनाभरात ब्रुगमानचा उजवा खांदा दुखून आला होता.

काल मेजरसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. "ही माणसं तुम्हाला काडीची किंमत देत नाहीत, ब्रुगमान. उद्या एकेकाकडून कडक सलाम घ्या. आणि हजेरीत एक जरी माणूस कमी भरला, तर फ्लँडर्सच्या आघाडीवर लेफ्टनंट हवेच आहेत." ब्रुगमानचे दोन्ही थोरले भाऊ फ्लँडर्सच्या चिखलात गेले होते. आईला आता तो एकटाच उरला होता.

म्हणून त्याने आज एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. कैद्याने एकेकट्याने पुढे यायचं, सलाम करायचा. चांगला असेल तर सार्जंट क्नॉप पाटीवर रेघ ओढेल, आणि तो कैदी आत जाऊन गरम कॉफी घेईल. वाईट असेल तर तो रांगेच्या टोकाला जाईल.

"साहेब, आधी सगळ्यांना उभं करून मोजून घेऊ का?" क्नॉपने विचारलं होतं. म्हाताऱ्याने छावणीतली आजवरची प्रत्येक हजेरी अशीच घेतली होती. "रोजच्यासारखं."

"दोनदा कशाला? सलाम झाला की माणूस मोजला गेला. रेघा मोजा म्हणजे झालं."

क्नॉपने खांदे उडवले आणि वाऱ्याकडे पाठ करून पाटीत डोकं घातलं.

रांग हलत होती. टोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत, आणि मधे एक हात. ब्रुगमान बघत होता. बोटं फाकलेली. मनगट ढिलं. अंगठा बाहेर. "मागं! मागं! तुम्हीसुद्धा मागं!" त्याचा घसा बसला. पाय बधिर झाले. निम्मे परत जात होते, नवे येत होते, गेलेले पुन्हा येत होते. हॅलिवेल तीनदा आला आणि तीनदा मागे गेला.

पण तासाभराने चमत्कार घडू लागला. हात सुधारले. बोटं जुळली, मनगटं ताठ झाली. चौथ्या खेपेला हॅलिवेलने असा सलाम ठोकला की ब्रुगमानच्या अंगावर काटा आला. त्याने तितक्याच जोरात तो परत केला.

"चौऱ्याऐंशी," क्नॉप म्हणाला.

"पूर्ण?"

"पूर्ण, साहेब."

ब्रुगमान त्या सकाळी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. आईला पत्रही लिहिलं.

बारा वाजता मेजरसाहेबांनी स्वतः हजेरी घेतली. रांगा लावून, माणूस माणूस मोजून. एक्याऐंशी भरले. पुन्हा मोजले. एक्याऐंशीच. छावणीत पाव आणणारी गाडी पहाटे सहाला परत गेली होती आणि तिच्या रिकाम्या टोपल्यांखाली तीन माणसं सहज मावली असती.

"आठच्या हजेरीला चौऱ्याऐंशी लिहिलेत," मेजर हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "म्हणून दुपारपर्यंत कुणी शोधलं नाही. आता ते हॉलंडात बसून चहा पीत असतील. तिघांनी कॉफी पिऊन मागच्या दारानं परत येऊन दोनदोन सलाम ठोकले, आणि तुम्ही ते घेतलेत."

"एक गोष्ट करा. दोनदा कोण आलं, तेवढं ओळखून दाखवा. तिघं सापडले तर मी वर लिहीन की लेफ्टनंटला फसवलं. नाही सापडले, तर लिहीन की लेफ्टनंट आंधळा आहे. संध्याकाळची गाडी फ्लँडर्सला जाते."

एक्याऐंशी इंग्रज समोर उभे होते. उन्हं आली होती. मफलर सुटले होते, टोप्या मागे सरकल्या होत्या. ब्रुगमान पहिल्या रांगेतून गेला, दुसऱ्या रांगेतून गेला. लाल नाकं, निळे डोळे, वाढलेल्या दाढ्या. दीड तास ही माणसं त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तो तिसऱ्या रांगेच्या टोकाला पोचला, थांबला आणि मेजरसाहेबांकडे वळला.

"साहेब," तो म्हणाला, "त्यांना फक्त एकदा सलाम करायला सांगा. हात बघितले की मी लगेच ओळखीन."