जूनची काच

"काका, बॅग उघडून दाखवता?" तनयाने शेवटी विचारलंच.

नरेंद्रकाका दारातच थांबले. सिडनीबाहेरच्या या दोनशे वर्षं जुन्या कोर्टाच्या इमारतीत ते हौसेने गाईडचं काम करत. तनया इमारतीची इंजिनिअर. काका विटा पळवतात, असा तिला महिनाभर संशय होता. त्या काळी विटा पाडणाऱ्या कैद्यांच्या अंगठ्यांचे ठसे उमटलेल्या विटांना बाहेर गिऱ्हाईक होतं. मागच्या भिंतीखाली चुना सांडलेला असे, काकांची बोटं पांढरी असत, आणि खांद्यावर सदानकदा ही बॅग.

काकांनी निमूटपणे चेन ओढली. रिकामा डबा, चष्म्याचं घर, चुन्याची डबी.

"तंबाखू?"

"जुनी खोड. तुझ्या काकूपासून लपवायचो. आता लपवायला कुणी नाही," नाकावरचा चष्मा सावरत काका म्हणाले.

तनया ओशाळली. वडिलांच्या वयाचा माणूस!

"सॉरी काका."

"नो वरीज गं. ही इमारत उभारणारा आर्किटेक्ट ग्रीनवेसुद्धा कैदी म्हणूनच आला इथे. एक कागद खोटा केला, एवढाच गुन्हा. पण त्याच्या इमारती उभ्या आहेत ना अजून? बरं, मराठी मंडळाच्या शनिवारच्या कार्यक्रमाच्या परवानगीवर सही करतेस ना? मंडळाला हॉल मीच मिळवून दिलाय. हे दार बंद झालं तर मी दिवसभर करू काय?"

तिने दारातूनच मागच्या भिंतीकडे पाहिलं. जूनमध्ये तिथल्या तड्यावर तिने काचेची पट्टी आडवी बसवली होती, वर स्वतःच्या हाताने तारीख घालून. जुन्या भिंतीला सिमेंट चालत नाही, म्हणून चुन्याने; तो महिनाभरात दगडासारखा घट्ट होतो. भिंत हलली की काच तडकणार, आणि काच तडकली की इमारतीला कुलूप. चार महिने काच धड होती.

एरवी ती जवळ जाऊन, हात लावून बघायची. आज काकांच्या देखत पुन्हा तपासणी करायची तिला लाज वाटली. तिने सही केली.

शनिवारी हॉल खच्चून भरला. तनयाची लेक स्वरदा स्टेजवरून ओरडली, "आई, डोंट फिल्म मी!" लोक हसले. काका पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

फोन स्थिर धरायला तनया मागच्या भिंतीला टेकली. तिचा हात काचेच्या कडेवर पडला.

जूनमधल्या चुन्यात तिचा अंगठा रुतला.