धंदा वाढवणार का?

म्हसावदच्या समाजमंदिरात आठ दिवसांचा उद्योगवर्ग संपला, शेवटचे अर्ज गोळा झाले आणि धीरज सरांचा चेहरा पडला. चौदा बायकांपैकी अकराजणींनी एकाच प्रश्नापुढे ठसठशीत 'नाही' लिहिलं होतं. प्रश्न साधा होता : येत्या वर्षात धंदा वाढवणार का?

निम्म्या जणी तरी 'हो' म्हणाल्या तरच वाळवणाचं सोलर यंत्र गावाला मिळणार होतं. नाहीतर ते दुसऱ्या गावाला जाणार. तापीबाईंना तर ते हवंच होतं. पावसाळ्याचे चार महिने ऊन नाही म्हणून त्यांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, बंद, हातावर हात ठेवून बसायचं. अन् वर्गातल्या सगळ्यात हुशार या बाईंनीच पहिला 'नाही' ठोकला होता!

सरांनी रागारागात अहवालात लिहून टाकलं, 'महिलांमध्ये महत्त्वाकांक्षेचा अभाव.' तरी राहवेना.

"मावशी, तुम्हीसुद्धा? मग आठ दिवस मी शिकवलं काय?"

तापीबाई भडकल्याच. "मन्हा धंदा आत्ते कुठे चालाले लागना, आन् तुम्ही म्हनतस, वाढाव? असं अभद्र बोलू नका, सर!"

मागून भिकुबाईंनी फळ्याकडे बोट केलं. तिथे सरांच्याच अक्षरात होतं, 'लघुउद्योग वाढले तर देश वाढेल.'

"पहिलेच दिन मी म्हनेल व्हतं, हाई लिखेल बरं नही. धंदा वाढावा, दुकान वाढावा, आन् आते देशबी वाढावतस!"

सरांना क्षणभर काही कळेना. मग आजोबा आठवले. शहाद्याला त्यांच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. शटर ओढताना आजोबा रोज म्हणायचे, "चला, दुकान वाढवू." 'बंद' हा शब्द त्या दुकानात कुणी तोंडातून काढत नसे. फुटलेली बांगडीसुद्धा त्या घरात 'वाढायची.' एमबीएच्या दोन वर्षांत हे सगळं साफ विसरायला झालं होतं. स्वतःचीच त्यांना अशी लाज वाटली की अहवालातली ती ओळ त्यांनी कागद फाटेस्तोवर खोडली.

"माझं चुकलं, मावशी. धंदा मोठा करायचाय का, असं विचारायचं होतं मला."

"मंग असं सांगा ना!" तापीबाई म्हणाल्या, आणि अख्खं समाजमंदिर हसलं. अर्ज परत वाटले गेले. चौदाच्या चौदा 'हो' झाले.

"आता खाली टक्के लिहायचेत," सर तापीबाईंजवळ येऊन म्हणाले. "किती मोठा करणार?"

तापीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"टक्का मन्हाथून नही व्हनार, सर. मन्हा पोऱ्या ललित सुरतले मिलमा शे. तो घर परत ईसन मन्हाजोडे काम करी, इतला मोठा."

टक्क्यांची चौकट अगदी लहान होती. सरांनी तिच्यात बारीक अक्षरात 'ललित' लिहिलं.

तेवढ्यात भिकुबाई आपला अर्ज घेऊन पुढे सरकल्या.

"मन्हा दोन पोऱ्याबी तठेच सुरतले शेतस, सर. दोन्हीस्नं नाव लिखा."